अंगावर काढलेलें दुखणें

या सदराकडे येणारीं पत्रें बहुधा मुलांच्या अभ्यासाविषयीं, व्रतांच्या तिथींविषयीं किंवा एखाद्या शब्दाच्या व्युत्पत्तीविषयीं असतात. गेल्या महिन्यांत आलेलें एक पत्र मात्र निराळें होतें. सांगलीकडील एका मोठ्या एकत्र कुटुंबांतील थोरल्या सूनबाईंनीं तें लिहिलें आहे. त्यांचे धाकटे दीर बारा वर्षांपूर्वीं वारले. त्यांच्या आजाराचें नांव त्या घरांत कधीं उच्चारलें गेलें नाहीं. दीर गेले त्याच सुमारास धाकट्या जावेच्याहि रक्तांत एच्.आय्.व्ही. आढळला, मुलगी तेवढी सुदैवानें निर्दोष निघाली, ती आतां तेरा वर्षांची आहे. ही बाई सरकारी केंद्रांतून दरमहा औषध आणते, एक दिवस चुकवीत नाहीं, घरचा निम्मा स्वयंपाक तिच्याच हातचा असतो. मागल्या खेपेस केंद्रांतील परिचारिकेनें तिला सांगितलें कीं, एकदां पिशवीच्या तोंडाची तपासणी करून घ्या. तें सासूबाईंच्या कानांवर गेलें आणि त्या म्हणाल्या, "बारा वर्षें विधवा असलेल्या बाईला असली तपासणी कशाला? लोकांना आणखी एक विषय मिळेल." थोरल्या सूनबाई विचारतात, "गुरुजी, यांत खरें काय, आणि आम्हीं काय करावें?"

आम्ही वैद्य नव्हे, हें प्रथमच सांगतों. पुढें जें लिहिलें आहे तें वाचून व विचारून लिहिलें आहे, आणि मिरजेस वैद्यकी करणाऱ्या आमच्या एका जुन्या विद्यार्थिनीनें तें छापण्यापूर्वीं तपासून दिलें आहे. विषय नाजूक आहे खरा. परंतु चरक व सुश्रुत या दोघांनींहि स्त्रियांच्या या अवयवाचे वीस विकार नांवानिशीं सांगितले आहेत, आणि ते सांगतांना त्यांची लेखणी कोठें अडखळलेली दिसत नाहीं. जो संकोच ग्रंथकारांना नव्हता तो आपण परंपरेच्या नांवावर चालवितों, ही मौज आहे.

गर्भाशयाचें खालचें टोंक जेथें योनिमार्गांत उतरतें त्या भागास गर्भाशयग्रीवा म्हणतात. घरोघरच्या बोलींत पिशवीचें तोंड. तेथें होणारा कर्करोग बहुतांशीं एकाच विषाणूमुळें होतो. त्याचें नांव ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस, म्हणजेच एच्.पी.व्ही. हातापायांवर ज्यांमुळें चामखीळ उठते त्यांच्याच कुळांतला हा. या कुळांत दोनशेंहून अधिक प्रकार आहेत. त्यांतील बारा-चौदा तेवढे घातक, आणि त्यांतहि १६ व १८ या क्रमांकांचे दोन प्रकार मिळून अशा दहा कर्करोगांपैकीं सातांना कारण होतात. विषाणु शरीरसंबंधांतून जातो. तो इतका सर्वत्र पसरलेला आहे कीं, संसार केलेल्या बहुतेक स्त्री-पुरुषांना आयुष्यांत केव्हां ना केव्हां त्याची बाधा होऊन गेलेली असते. 'होऊन गेलेली' असें आम्ही मुद्दाम म्हणतों, कारण वर्ष-दोन वर्षांत शरीर त्याला बहुधा आपण होऊन घालवून देतें. बाईला त्याचा पत्ताहि लागत नाहीं. थोड्याजणींच्या बाबतींत मात्र तो ठाण मांडून बसतो. मग पेशींचें रूप हळूहळू पालटूं लागतें आणि प्रकृति एरवीं धड असेल तर पंधरा-वीस वर्षांनीं त्याचा कर्करोग होतो.

सासूबाईंच्या प्रश्नाचा पहिला भाग येथेंच सुटतो. पति हयात नाहीं म्हणून बाधा गेली असें होत नाहीं. विवाहानंतरच्या पहिल्या वर्षांत शिरलेला विषाणु वैधव्याच्या दहाव्या वर्षीं आपला हिशेब मागूं शकतो. आणि या जाऊबाईंच्या शरीराची स्थिति एरवींसारखी नाहीं.

एच्.आय्.व्ही. हा विषाणु शरीराच्या रखवालदारांवरच हात टाकतो. रखवालदार दुबळे झाले म्हणजे एच्.पी.व्ही.ला हांकलून लावणारें कोणी राहत नाहीं. तो अशा स्त्रियांत अधिक आढळतो, एकाच वेळीं त्याचे अनेक प्रकार सांपडतात आणि तो अधिक काळ टिकतो. जागतिक आरोग्य संघटना सांगते कीं, एच्.आय्.व्ही. असलेल्या स्त्रीला या कर्करोगाचा धोका इतर स्त्रियांच्या सहापट असतो, आणि उपचारावांचून प्रतिकारशक्ति खालावलेली असेल तर वीस वर्षांची ती वाट पांच ते दहा वर्षांत संपते. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्रानें तर १९९३ सालीं या कर्करोगाचा समावेश एड्सच्या लक्षणभूत रोगांच्या यादींतच केला. रोजच्या गोळ्यांनीं रखवालदार पुन्हां उभे राहतात व धोका उतरतो. परंतु तो सामान्य स्त्रीच्या पातळीवर येऊन थांबतो अशी खात्री कोणी देत नाहीं. "औषध चालू आहे ना, मग झालें" हें म्हणणें म्हणूनच पुरेसें नाहीं. त्या गोळ्या एका विषाणूवर आहेत, दुसऱ्यावर नाहींत.

हे दोन विषाणु इतिहासांतहि जोडीनेंच येतात. १९८३ सालीं पॅरिसच्या पाश्चर संस्थेंत एच्.आय्.व्ही. प्रथम वेगळा काढला गेला, आणि त्याच वर्षीं जर्मनींत हाराल्ड त्सुर हाउझेन यांच्या प्रयोगशाळेनें गर्भाशयमुखाच्या कर्करोगांत एच्.पी.व्ही.चा १६ वा प्रकार दाखवून दिला. २००८ सालचें वैद्यकाचें नोबेल पारितोषिक निम्में त्सुर हाउझेन यांना व निम्में फ्रांस्वाझ बारे-सिनुसी आणि ल्यूक माँतान्ये यांना मिळालें. एकाच व्यासपीठावर त्या वर्षीं दोन्ही शोधांचा गौरव झाला, तो आतां ज्या स्त्रियांविषयीं आम्ही लिहितों त्यांच्या दृष्टीनें विलक्षण योगायोगच म्हणावयाचा.

आतां 'लोक काय म्हणतील' याविषयीं. हा प्रश्न आम्ही हंसून सोडून देत नाहीं, कारण एकत्र कुटुंबांत लोकांचें बोलणें ही खरी वस्तु आहे आणि तें सोसावें लागतें तें बहुधा सुनांना. परंतु लोक जें म्हणतात तें खरें आहे का, हें तरी पाहिलें पाहिजे. हिंदुस्थानांत एच्.आय्.व्ही. प्रथम उघडकीस आला १९८६ सालीं मद्रासेंत. तो दाखवून देणाऱ्या डॉ. सुनीति सॉलोमन या माहेरच्या गायतोंडे, मद्रासेंत स्थायिक झालेल्या मराठी घराण्यांतल्या. त्यांच्या विद्यार्थिनी डॉ. निर्मला यांनीं वेश्याव्यवसायांतील स्त्रियांच्या रक्ताचे शंभर नमुने जमविले आणि त्यांपैकीं सहांत हा विषाणु निघाला. एवढ्यावरून सर्व देशानें असा ग्रह करून घेतला कीं, हा रोग 'तसल्या' बायकांचा. डॉ. सुनीतींनीं पुढें १९९३ सालीं वडिलांच्या नांवानें मद्रासेंत उपचारकेंद्र काढलें, तेव्हां तेथें येणाऱ्या स्त्रियांत पतीखेरीज दुसरा पुरुष न पाहिलेल्या गृहिणीच बहुसंख्य आहेत असें दिसूं लागलें.

आमच्या पुण्यांतहि हेंच आढळलें होतें. राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेच्या डॉ. रमण गंगाखेडकर व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९९३ ते १९९६ या काळांत पुण्यांतील गुप्तरोगांच्या दवाखान्यांत आलेल्या ९१६ स्त्रियांची तपासणी केली. त्यांत ३९१ स्त्रिया वेश्याव्यवसायांतल्या नव्हत्या, आणि त्यांपैकींहि शेंकडा १३.६ जणींच्या रक्तांत एच्.आय्.व्ही. निघाला. १९९७ सालीं अमेरिकन वैद्यकसंघाच्या पत्रिकेंत हा निबंध प्रसिद्ध झाला. एकनिष्ठ विवाहित स्त्रियांत होणारा प्रसार हाच त्याचा विषय होता. पातिव्रत्य हें त्या स्त्रियांचें कवच ठरलें नाहीं. रोग उंबरठा ओलांडून आला तो घरच्याच माणसाच्या पावलानें. ज्या बाईनें कांहीं केलें नाहीं तिनेंच तोंड लपवावें, आणि ज्याच्याकडून तें आलें त्याच्या तसबिरीला हार घालावा, ही रीति आम्हांस तरी शास्त्रांत कोठें सांपडली नाहीं. गेलेल्या माणसाची निंदा करा असें आम्ही म्हणत नाहीं. राहिलेल्या माणसाची उपेक्षा करूं नका एवढेंच म्हणतों. 'उपेक्षा' या शब्दांतला धातु 'ईक्ष्', म्हणजे पाहणें. जवळ बसून नुसतें पाहत राहणें तीच उपेक्षा.

तपासणीनें खरोखर कांहीं साधतें का, अशी शंका सुशिक्षित घरांतूनहि ऐकूं येते. तिचें उत्तर शोधण्यास विलायतेस जावयास नको. तें आपल्या बार्शीजवळ मिळालें आहे. बार्शीच्या नर्गिस दत्त स्मृति कर्करोग रुग्णालयानें, मुंबईच्या टाटा स्मारक केंद्रानें आणि फ्रान्समधील लियों येथील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनें मिळून उस्मानाबाद जिल्ह्यांत (२०२३ पासून तो धाराशिव) एक फार मोठा प्रयोग केला. १९९९ ते २००३ या वर्षांत ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रिया त्यांत घेतल्या गेल्या. खेड्यांचे ५२ गट पाडून चार भाग केले. एका भागांतील स्त्रियांची एच्.पी.व्ही.ची तपासणी झाली, तीहि आयुष्यांत एकदांच. दुसऱ्या भागांत पेशी कांचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिल्या. तिसऱ्यांत पिशवीच्या तोंडाला सौम्य ॲसेटिक आम्ल, म्हणजे शिरक्यांतलेंच आम्ल, लावून तें कोठें पांढरें पडतें तें पाहिलें. चौथ्या भागांतील स्त्रियांना नेहमींचीच व्यवस्था राहिली. आठ वर्षांनीं हिशेब मांडला. विषाणूची तपासणी झालेल्या सुमारें ३४ हजार स्त्रियांत या रोगानें ३४ मृत्यु झाले. तपासणी न झालेल्या सुमारें ३१ हजारांत ६४. ज्यांच्या तपासणींत विषाणु निघाला नव्हता अशांपैकीं तर एकहि बाई त्या काळांत या कर्करोगानें दगावली नाहीं. २००९ सालीं हे आंकडे प्रसिद्ध झाले आणि जगांतील तज्ज्ञांनीं ते उचलून धरले. चौथ्या भागांतील स्त्रियांना तपासणीविना ठेवावयास नको होतें असा आक्षेपहि पुढें घेतला गेला. आम्हांस तो आक्षेप पटतो. धाराशिवच्या त्या खेड्यांतील स्त्रियांच्या जिवावर जें ज्ञान मिळालें तें त्यांच्या लेकीसुनांना तरी वापरावयास मिळावें, एवढेंहि होऊं नये हें मात्र अधिक खेदाचें आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत ३० ते ४९ वयाच्या भारतीय स्त्रियांपैकीं ही तपासणी कधींहि झालेल्या शेंकडा दोनहि निघाल्या नाहींत. आणि २०२२ या एका वर्षांत देशांत या कर्करोगाच्या नव्या रोगी सव्वा लाखाहून अधिक असल्याचा व मृत्यु ऐंशी हजारांच्या घरांत असल्याचा अंदाज आहे.

शिरक्यांतल्या आम्लाच्या तपासणीस, उस्मानाबादेंत तिनें मृत्यु घटलेले दिसले नाहींत म्हणून, कमी लेखूं नये. मुंबईच्या वस्त्यांतून टाटा रुग्णालयानें दीड लाख स्त्रियांवर केलेल्या प्रयोगांत ती दर दोन वर्षांनीं चारदां केली आणि या रोगाचे मृत्यु शेंकडा ३१ नीं घटले. ती करणाऱ्या डॉक्टर नव्हत्या. कांहीं आठवडे शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविका होत्या. आमच्यासारख्या मॅट्रिकपर्यंतच गेलेल्या मनुष्यास ही गोष्ट वाचून अंमळ बरें वाटलें, हें कबूल करतों. परंतु एच्.आय्.व्ही. असलेल्या स्त्रियांत विषाणूचीच तपासणी करावी, आणि तींत तो निघाला तर दुसऱ्या तपासणीनें खातरजमा करून मग उपचार करावा, अशी जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ ची शिफारस आहे. इतर स्त्रियांनीं तिसाव्या वर्षापासून दर पांच ते दहा वर्षांनीं तपासून घ्यावें, एच्.आय्.व्ही. असलेल्या स्त्रियांनीं पंचविसाव्या वर्षापासूनच आणि दर तीन ते पांच वर्षांनीं. पुण्यास 'प्रयास' ही संस्था व तिच्या जोडीनें कांहीं डॉक्टर मंडळींनीं अशा हजाराहून अधिक स्त्रियांची तपासणी करून दाखविली आहे. तेव्हां परिचारिकेनें सांगितलें तें कांहीं नवें खूळ नव्हे. जें बारा वर्षांपूर्वींच व्हावयास हवें होतें तेंच तिनें सांगितलें.

तपासणी होते कशी, हें बायकांना आधीं ठाऊक असलें म्हणजे निम्मी भीति जाते. विषाणूच्या तपासणीसाठीं मऊ कुंचल्यानें स्राव घेतात. दोन मिनिटांचें काम. कोठें कोठें हा स्राव बाईला पडद्याआड स्वतःच घेतां येतो, परक्या हाताची गरजच नाहीं. आमच्या घरांतील संकोची स्त्रियांना ही सोय उत्तम. आम्लाच्या तपासणींत किंचित् चुरचुरतें, दुखत नाहीं. पाळीचे दिवस टाळावे आणि आधींचे दोन दिवस आंत कोणतेंहि औषध लावूं नये. दोषी भाग दिसला तर तो थंडीनें गोठवून किंवा उष्णतेनें जाळून नाहींसा करतात. बरेंच वेळां त्याच दिवशीं, इस्पितळांत राहण्यावांचून. दोष मोठा असेल तर विजेच्या तारेनें तेवढा भाग काढतात. पिशवी काढावी लागेल अशी जी धास्ती बायका घेतात तिला या पायरीवर आधार नाहीं. एवढें मात्र ध्यानांत ठेवावें कीं, एच्.आय्.व्ही. असलेल्या स्त्रीमध्यें दोष उलटून येण्याचा संभव अधिक असतो. म्हणून उपचारानंतर एक वर्षानें पुन्हां तपासावें, आणि त्यानंतर आणखी एका वर्षानें आणखी एकदां.

लक्षणें दिसेपर्यंत थांबूं म्हणणाऱ्यांस आमच्या वाडीचें उदाहरण देतों. कृष्णा-पंचगंगेचें पाणी घाटाच्या पायऱ्या चढूं लागलें कीं, दुकानदार पेढ्यांचीं ताटें आणि बासुंदीचीं पातेलीं हलवूं लागतात; पाणी पादुकांना लागेपर्यंत कोणी थांबत नाहीं. या रोगांत पहिल्या पायऱ्या मुकाट्यानें बुडतात. पाळी गेल्यावर पुन्हां रक्त दिसणें, समागमानंतर रक्त जाणें, दुर्गंधियुक्त पांढरें जाणें, कंबर व ओटीपोट सतत दुखणें, हीं लक्षणें दिसूं लागलीं म्हणजे पाणी बरेंच वर आलें असें समजावें व त्याच आठवड्यांत डॉक्टर गांठावा. 'पांढरें जातें' म्हणून घरगुती काढे घेत वर्षें काढणाऱ्या स्त्रिया येथें दत्तसेवेस पुष्कळ येतात. सेवा त्यांनीं अवश्य करावी. मिरज येथून दूर नाहीं, सेवेच्या दिवसांतच तेथें जाऊन येतां येतें.

तेरा वर्षांच्या मुलीविषयीं पत्रांत कांहीं विचारलें नव्हतें, तरी तिच्याविषयीं लिहिणें प्राप्त आहे. या विषाणूवर लस आहे आणि ती विवाहाच्या पुष्कळ आधीं, नऊ ते चौदा या वयांत, दिली असतां उत्तम लागू पडते. पुण्याच्या सीरम संस्थेनें केलेल्या लशीस २०२२ सालीं सरकारी मान्यता मिळाली. ६, ११, १६ व १८ या चार प्रकारांवर ती काम करते. लशीच्या इतिहासांतहि पुणें-बार्शी आहेतच. २००९ सालीं दोन मात्रा पुरतात कीं तीन, हें पाहण्यासाठीं देशांत अनेक ठिकाणीं मुलींना लस देण्यास आरंभ झाला; त्यांत हीं दोन्ही गांवें होतीं. २०१० सालीं सरकारनें अशा सर्व प्रयोगांतील लसीकरण थांबविलें आणि हजारों मुलींना एकच मात्रा मिळून राहिली. पुढें वर्षानुवर्षें पाहतां त्या एका मात्रेनेंहि १६ व १८ या प्रकारांच्या चिकट बाधेपासून दोन-तीन मात्रांइतकेंच रक्षण झाल्याचें दिसलें. अडलेल्या कामांतून असें फळ निघालेलें क्वचितच पाहावयास मिळतें! २०२२ च्या अखेरीस जागतिक आरोग्य संघटनेनें एक मात्राहि चालेल असें म्हटलें, त्यांत या पुराव्याचाहि वाटा होता. ज्या मुलींना स्वतःला एच्.आय्.व्ही. आहे त्यांना मात्र एक मात्रा पुरी नाहीं. निदान दोन, शक्य तर तीन. आपली पुतणी निर्दोष आहे, तेव्हां तिला किती मात्रा द्यावयाच्या तें डॉक्टर सांगतील. आरोग्य केंद्रांत लस मिळते का, हेंहि तेथेंच विचारावें. लस घेतली म्हणून पुढील वयांतली तपासणी टळत नाहीं, हेंहि तिला आतांच सांगून ठेवावें.

सासूबाईंचें मन वळविण्याचें काम राहिलें. त्यांना भीति आहे ती बोभाटा होण्याची, सुनेच्या जिवाची नाहीं असें आम्ही म्हणणार नाहीं. त्यांना सांगावें कीं, २०१७ चा जो एच्.आय्.व्ही. कायदा २०१८ च्या सप्टेंबरांत अमलांत आला त्यानें रुग्णाच्या संमतीवांचून हा आजार कोणास सांगण्याची डॉक्टरांना व इस्पितळांना बंदी केली आहे; त्या आजारावरून उपचार नाकारणेंहि गुन्ह्यासारखेंच निषिद्ध आहे. शिवाय ही तपासणी आतां तिशीवरच्या प्रत्येक बाईला सांगतात. म्हणून सर्वांत सोपा उपाय हा कीं, थोरल्या सूनबाईंनीं स्वतःचेंहि नांव घालावें. त्यांनाहि ती करावयाचीच आहे. दोघी जावा एकाच दिवशीं, एकाच गाडीनें गेल्या तर शेजारपाजारचीं माणसें बाजाराला गेल्या असेंच समजतील. धाकट्या जाऊबाईंनीं औषधकेंद्राचें पुस्तक बरोबर न्यावें, आणि तपासणीचा कागद घरीं आणून त्याच पुस्तकांत ठेवावा, म्हणजे पुढील तारीख चुकणार नाहीं.